थोरलीचा खोकला

४ जानेवारी

आई,

नमस्कार. आज तो नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केलाय असं समजा, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तुमच्या समोर उभं राहून सांगायची माझी छाती नाही. फोनवर सांगता आलं असतं. पण कवळ्यांना पॉलिश करायच्या त्या यंत्राने तुमचे कान नेल्यापासून फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. ही गोष्ट मनाने भरण्यासारखी नाही.

तुमची थोरली जाऊन सव्वा वर्ष झालं. तिचं आता काही उरलं नाही असं आपण सगळे धरून चाललोय. ते पूर्ण खरं नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने आमच्या प्रयोगशाळेला आपल्या श्वासनलिकेतल्या पेशी दिल्या होत्या. नळीतून बारीकसा ब्रश आत घालतात आणि भिंतीवरून हलकेच फिरवतात. मी नको नको म्हणत होतो. ती म्हणाली, "दिवसभर तिऱ्हाइतांच्या छातीतलं बघत बसतोस, बायकोचं बघायला काय धाड भरलीय?" त्या पेशी आम्ही वाढवल्या आणि बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या. त्या थंडीत पेशी मरत नाहीत, नुसत्या थांबतात. बाहेर काढून ऊब दिली की पुन्हा चालू होतात. बाकीच्या कुप्या ती असतानाच वापरून झाल्या. एक उरली आहे.

औषधाचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक पेशीत जनुकं असतात आणि प्रत्येक जनुक आपापला हुकूम सोडत बसतं. थोरलीच्या आजारात त्यातलं एक फार बडबडं होतं. ते पेशींना पाणी ओढायला लावायचं, आणि छातीतला कफ सुकून डिंकासारखा व्हायचा. त्या एकट्या जनुकाला गप्प करणारं औषध आमच्याकडे आहे. पण ते भलतंच नाजूक. नुसतं हुंगलं तर वाटेतच मोडतं. म्हणून ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांत भरायचं आणि कणांवर लेप चढवायचा. माझं काम लेपाचं. लेप खरखरीत झाला तर कण कफात अडकून बसतो. फार निसरडा झाला तर कफातून पार होतो, पण पेशीच्या दारावरूनही घसरून जातो, आत जात नाही. तुम्ही कवळीला जशी बाहेरून चकाकी देता आणि आतून देत नाही, तशातलंच हे.

आमच्या प्रमुख बाई म्हणतात, ती शेवटची कुपी आता उघडा. आपल्या घरातला दोष विरळा आहे. या जातीच्या कफातून लेप पार होतो हे दाखवल्याशिवाय असा दोष असलेल्या कुणालाही औषधाच्या चाचणीत घेता येणार नाही. एकदा उघडली की पेशी दीड-दोन महिने जगतील आणि संपतील. पुन्हा गोठवण्याइतका दम त्यांत उरलेला नाही.

कागदावर तिची सही आहे, त्यामुळे मला कुणालाच विचारायची गरज नाही. पण माझा हात टाकीच्या झाकणापर्यंत जातो आणि परत येतो. म्हणून तुम्हाला विचारतोय.

तुमचा जावई


११ जानेवारी

जावईबापू,

इतकी वर्षं तुम्हाला अरे-तुरे केलं. आज 'तुम्ही' लिहितेय, त्यावरून काय ते समजा.

माझ्या मुलीचं काहीतरी जितं आहे आणि ते मला सव्वा वर्षाने पत्रातून कळतंय. तुम्ही त्या टाकीशेजारून रोज ये-जा करत होता. माझ्याकडे आलात, जेवलात, खोलीत जाऊन तिच्या साड्यांवरून हात फिरवलात, आणि एक अक्षर बोलला नाहीत. तोंडाला कुलूप लावून वर माझ्याचकडे जेवायचं, याला काय म्हणावं?

पेशी म्हणजे ती नव्हे, असं आता लिहाल. मला शिकवू नका. उभा जन्म मी लोकांचे दात केलेत. दात म्हणजे माणूस नव्हे, एवढं मलाही कळतं. तरी एखादी बाई गेलेल्या नवऱ्याची कवळी रुमालात बांधून आणते, "जरा तडा गेलाय, जोडून द्या" म्हणते, तेव्हा मी विचारत नाही की आता यांनी चावणार कोण आहे. गुपचूप जोडून देते.

कुपीला हात लावायचा नाही. तुमच्या बाईंना सांगा, आई नाही म्हणतेय. एवढी तरी राहू दे तिला.

थंडी लागते का हो तिला तिथे? मूर्खासारखं विचारतेय. उत्तर देऊ नका.

धाकटीला यातलं काही सांगितलेलं नाही. बहिणीचं दुखणं काढून काढून ती आधीच दमलीय. तिने स्वतःची तपासणी अजून करून घेतली नाही, विषय काढला की उठून जाते. पण ती ठणठणीत आहे. ऑफिसचं काम घरी बसूनच करते आणि ऊठसूट धुण्याचं मशीन लावते. दोघींच्या घरात इतके कपडे मळतात कुठे, देव जाणे.

आई


१९ जानेवारी

आई,

शिव्या पोचल्या. त्या मला हव्याच होत्या.

तुम्ही नाही म्हणालात आणि मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं. बाईंना सांगितलं की घरच्यांची तयारी नाही. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घरच्यांची, की तुमची?" आमच्याकडे उंदरांची देखभाल करणारा एक आहे, त्याला आम्ही उंदीरवालाच म्हणतो. तो मध्येच बोलला, "राहू द्या हो, माझ्याही एका उंदराला मी अजून हात लावू दिलेला नाही." सगळे हसले. मीही हसलो, मग हात धुवायला म्हणून बाहेर गेलो.

तुम्ही उत्तर नको म्हणालात, तरी देतो. नाही लागत. थंडी लागायला वेळ जावा लागतो, आणि तिथे वेळच जात नाही.

पण माझं काय झालंय ते सांगतो. टाकीत नायट्रोजन भरायची पाळी ज्याची त्याची असते. मी सगळ्यांच्या पाळ्या मागून घेतल्यात. झाकण उघडलं की पांढरी वाफ काठावरून सांडते, जमिनीवर पसरते, बुटांवरून जाते आणि विरते. मी तिच्यात उभा राहतो. कुपी कुठल्या रकान्यात आहे ते मला पाठ आहे, पण काढून बघत नाही. घरी कुणी नसतं आणि इथे ती असते, असं काहीतरी झालंय. मग बाहेर येऊन कोट टांगतो आणि लोकांशी नीट बोलतो. कुणाला पत्ता लागत नाही.

काम मात्र चाललंय. परक्या माणसांच्या पेशींवर लेप छान उतरलाय. दहा जणांत नऊ जणांच्या कफातून कण सुळकन पार होतात.

तुमचा जावई


२३ फेब्रुवारी

बाबा रे,

राग गेला, म्हणून पुन्हा 'तू'. का गेला ते सांगते. आधी वचन दे की मला वेड्यात काढणार नाहीस. आणि धाकटीला फोन करून "आईकडे जरा लक्ष दे" असलं काही सांगायचं नाही.

थोरली घरी येते.

दुपारची येते. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसून मेणात दात बसवत असते. मागे धाकटीचं मशीन सुरू होतं, त्याची घरघर फरशीतून माझ्या खुर्चीत चढते. आणि त्या घरघरीच्या खालून, थोरलीच्या बंद खोलीतून, खोकला येतो. तिचाच. तीनदा खोल, मग थांबणं, मग घशातल्या घशात एक छोटा 'हं'. बरं, झालं, असं स्वतःलाच सांगितल्यासारखा. तो 'हं' मी लाखांत ओळखीन. मला दाराची घंटा ऐकू येत नाही, पोस्टमन ठोकून ठोकून कंटाळून जातो, आणि हे ऐकू येतं. कानांनी येतं की आणखी कशाने, मी विचारत नाही.

पहिल्यांदा हातातली मेणाची सुरी खाली पडली. दुसऱ्यांदा उठून खोलीपर्यंत गेले, दाराला हात लावला आणि तशीच परत आले. ती असेल याची भीती नव्हती रे. उघडलं आणि आत कुणीच नसलं तर काय करायचं, याची होती.

मग मी सकाळच्या केरवाऱ्यात तिच्या पलंगाशेजारी पाण्याचा पेला ठेवायला लागले. खोकून खोकून घसा कोरडा पडायचा ना तिचा. संध्याकाळी बघितलं तर पेला रिकामा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, पुन्हा रिकामा. आता रोज ठेवते.

तू तिला तिथे जपून ठेवलंस, उघडली नाहीस, म्हणून तिला येता येतं, असं माझ्या मनाने घेतलंय. हसू नकोस. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा वाटलं, या माणसाला आपण इतकं बोललो, आणि त्याच्यामुळेच तर घर भरल्यासारखं वाटतंय.

परवा मी काम करताना नकळत गुणगुणत होते. धाकटी दारात येऊन ऐकत उभी राहिली आणि निघून गेली. तिला हल्ली बारीक व्हायचं खूळ लागलंय. अर्धं ताट टाकून उठते, कपडे अंगावर लोंबतात. या वयात मुलींना आरशापुढे कुणाचं खरं वाटत नाही, मी बोलायचं सोडून दिलंय.

तुझी आई


२७ फेब्रुवारी

आई,

पत्र दोनदा वाचलं.

पहिल्यांदा वाचताना मी तुमचं सगळं खरं मानलं. इथे खोलीत उभा राहून तो 'हं' मलाही ऐकू आला. मला तुमचा हेवा वाटला, की ती तुमच्याकडे जाते आणि माझ्याकडे येत नाही. माझ्यासारख्या माणसाने असं लिहू नये, पण खरं आहे ते हे आहे.

दुसऱ्यांदा वाचताना पाण्याच्या पेल्याशी अडखळलो. आई, गेलेल्या माणसाला तहान लागत नाही.

खोकल्याचा आवाज छातीच्या घडणीवर जातो आणि कफाच्या जातीवरही. दोन बहिणींची घडण एक. आता तुम्ही लिहिलेलंच पुन्हा वाचा. तपासणीचं नाव काढलं की उठून जाणारी मुलगी. अर्धं ताट, लोंबणारे कपडे. दोघींच्या घरात ऊठसूट चालणारं मशीन. आपल्या आईला कमी ऐकू येतं हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि जे ऐकू येईल ते मशीन झाकून टाकेल असं ती धरून चाललीय.

मी चुकत असलो तर वाट्टेल ते बोला, 'तुम्ही' म्हणा, 'जावईबापू' म्हणा. पण आता मशीन सुरू झालं की दाराला नुसता हात लावून परत फिरू नका. उघडा.

तुमचा जावई


१० मार्च

बाबा,

उघडलं.

धाकटी फरशीवर बसली होती. पलंगाला पाठ टेकलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि थोरलीची उशी तोंडावर दाबून धरलेली. खोकला उशीत जात होता. मला बघून तिने उशी खाली घेतली नाही. वरून नुसते डोळे दिसत होते, आणि बाबा, क्षणभर, तशातही, मी ते डोळे थोरलीचे आहेत का बघितलं. तेवढा एक क्षण मी माझ्या धाकट्या लेकीला विसरले. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगायची नाही.

मी तिच्या शेजारी खाली बसले. गुडघे आता वाकत नाहीत, पण बसले. म्हटलं, "केव्हापासून?"

"ताई असल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला कशाला दोनदोनदा?" मग दम घेऊन म्हणाली, "आणि तुला माहीतच होतं ना, आई. मी ओळखलं होतं. पाणी तूच तर ठेवत होतीस."

तिला वाटलं मला सगळं कळलंय. कळून मी तिला न दुखवता, न बोलता पाणी ठेवतेय. ती म्हणाली, "मला किती बरं वाटायचं तो पेला बघून. म्हणूनच मग बोलले नाही. तू बोलत नव्हतीस, मग मीही नाही." आणि म्हणाली, "त्यात तू गुणगुणायला लागलीस. इतक्या दिवसांनी. म्हटलं, हिला धीर आलाय, मोडायला नको."

ते पाणी मी कुणासाठी ठेवत होते, हे मला तिला सांगता आलं नाही. अजून सांगितलेलं नाही, आणि सांगायची नाही. तूही बोलू नकोस. जिवंत मुलगी भिंतीपलीकडे गुदमरत होती आणि मी मेलेली आली म्हणून गाणी म्हणत होते. मला माझीच शिसारी आलीय.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. तुझा शब्दन्‌शब्द खरा ठरला. तोच दोष, तोच कफ, फक्त हिच्यात उशिरा उठला. उजव्या बाजूला जंतूंनी घर केलंय. तुझ्या त्या गप्प करणाऱ्या औषधाबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, चाचणीत नाव घालता येईल, पण या दोषाच्या पेशींवर ते चालतं हे अजून कुणी दाखवलेलं नाही, ते दाखवलं तरच.

ते कुणाच्या हातात आहे हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी नाही म्हटलं होतं. आता हो म्हणतेय. कुपी काढ.

धाकटीला हे कळल्यावर ती माझ्यावर धावून आली. "ताईला हात लावू नका, माझ्या पेशी घ्या," म्हणाली. घेता येत असतील तर तिच्याच घे. नाही तर माझं ऐक, तिचं ऐकू नकोस.

तुझी आई


२ मे

आई,

धाकटीच्या पेशी आम्ही एप्रिलमध्ये घेतल्या, तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्याबरोबर जंतूही आले आणि आठवडाभरात पेशींची बशी गढूळ झाली. पुन्हा ब्रश फिरवायला तिचे डॉक्टर तयार नाहीत, आणि ते बरोबर आहे.

थोरलीची कुपी मात्र मी मार्चमध्येच काढून ठेवली होती. धाकटीची बशी बिघडली तर तेव्हापासून सुरुवात करायला वेळ नव्हता. तुम्हाला कळवलं नाही, कारण ऊब देऊन पेशी उठतील की नाही याची खात्री नव्हती. कोमट पाण्यात ती मी हातात धरून हलवत होतो. बर्फाचा खडा बारीक होत होत विरघळला. पेशी उठल्या. वाढल्या, एकमेकींना धरून बसल्या. वरून हवा आणि खालून खाऊ अशा जाळीवर त्यांना ठेवतात, म्हणजे आपण छातीत आहोत असं त्यांना वाटतं. तीन आठवड्यांनी त्यांच्यावर सूक्ष्म केस उगवले आणि हलायला लागले. मग कफ आला. तिचाच, डिंकासारखा. छातीतला कफ बाहेर काढायला मी तिची पाठ थोपटायचो, तो हाच. भिंगातून तो बघून मला उठून जावं लागलं.

आता वाईट बातमी. तिच्या पेशींच्या पाच बशा होत्या. माझा लेप चार बशांत नापास झाला. सगळे कण कफातच अडकले. आणि चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. मी तिला हात लावायचा नाही म्हणून सगळं माप परक्यांच्या कफावर घेतलं. ज्याचं घालायचं त्याला न बघता शिवलेला सदरा. तिच्या कफातल्या जाळ्या कितीतरी अरुंद आहेत. मी जानेवारीत तिला बाहेर काढलं असतं तर हे फेब्रुवारीतच कळलं असतं. तिला जपता जपता मी धाकटीचे तीन महिने घालवले.

अडकलेले कण बघून बघून मी लेपाचे धागे आखूड केलेत, जवळजवळ निम्मे, आणि टोकाला फुप्फुसाच्या स्वतःच्या ओलाव्यातली स्निग्धता लावलीय, म्हणजे पेशीला तो कण घरचाच वाटेल. पाचवी बशी शिल्लक आहे. शेवटची. कण परवा सोडणार. आत गेले की नाही ते भिंगातून दिसेल. पण जनुक गप्प झालं की नाही, हे बघायला पेशी फोडाव्या लागतात. दुसरा मार्ग नाही. त्या फोडल्या की तिचं कुठेच काही उरणार नाही.

चार बशा मी फोडल्या. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचो, अजून एक आहे. आता तसं म्हणता येणार नाही. तुम्ही याल का? एकदा बघून घ्या. आणि मी एकटा नसलेला बरा.

तुमचा जावई


१४ जून

बाबा,

हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. वहीचा कागद गुडघ्यावर आहे, तेव्हा अक्षर असंच येणार. धाकटीला आत नेलंय. बाहेर बसा म्हणाले. मी म्हटलं, दुसरं करतेय तरी काय मी इतके दिवस.

तुझ्याकडून परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहिले. तिथे जे झालं त्यावर आपण दोघं नंतर बोललोच नाही. तू मला गाडीत बसवून दिलंस आणि खिडकीची काच उगाच पुसत राहिलास. आता लिहिते, म्हणजे तुझ्याजवळ राहील.

तू म्हणालास, इथे डोळा लावा. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. वाऱ्यावर गवत हलावं तसं सगळं एका दिशेला हलत होतं, थांबायचं नावच नाही. मी विचारलं, "एवढी कसली घाई आहे तिला?" तू म्हणालास, "काम करतेय. कफ बाहेर ढकलतेय." मला एकदम राग आला. सव्वा नव्हे, दीड वर्ष झालं हिला जाऊन, आणि नखाएवढ्या तुकड्यालाही अजून तेच येतं, ढकलत राहायचं, ढकलत राहायचं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं की आता पुरे.

मग तू पेशी फोडायच्या पाण्याची ती नळी हातात घेतलीस, बशीपर्यंत नेलीस आणि परत मागे घेतलीस. "आई, थांबू का?" म्हणालास. लहान पोरासारखा दिसत होतास. मी म्हटलं, "दे इकडे. बारीक कामाचा हात आहे माझा." हातमोजे मला मोठे होत होते. तू बोट दाखवलंस, मी थेंब सोडला. पुन्हा डोळा लावला. गवत हललं, जरा हललं, आणि थांबलं.

तेव्हा मी काहीतरी पुटपुटले, ते तुला ऐकू आलं की नाही ठाऊक नाही. मी तिला म्हटलं, "जा आता. धाकटीचं मी बघते." ती होती तेव्हा तिला दवाखान्यात हे सांगायला हवं होतं. तेव्हा मी म्हणत होते, बरी होशील, बरी होशील. तिला माझ्याकडून बहुतेक हेच ऐकायचं असणार, आणि मी तिला ते ऐकू दिलं नाही.

तीन दिवसांनी तू धाकटीला फोन केलास. जनुक गप्प झालंय, दहातले आठ वाटे. आखूड धाग्यांचा लेप पार झाला आणि आतही गेला. धाकटीने मला ओरडून ओरडून सांगितलं, तरी मी दोनदा विचारलं. मग ती रडली, आणि मी टेबलाशी जाऊन बसले, आणि मोठ्याने म्हणून बघितलं, "माझी थोरली गेली." आजवर एकदाही म्हटलं नव्हतं. लोकांना सांगताना "ती नाही आता" असं म्हणायचे, कुठे बाहेरगावी गेल्यासारखं. मग मी रडले. पुष्कळ रडले. धाकटी येऊन पाठीवर हात फिरवत राहिली, आणि खोकत राहिली, माझ्यासमोर.

औषधाने काय होईल ते तुझ्या बाईंनाही माहीत नाही म्हणे. पहिला डोस, तोही अगदी थोडा. गुण येईल, येणार नाही. उशीर झाला असेल, नसेलही. तू ते तीन महिने मनातून काढून टाक. नाही म्हणणारी मी होते, विचारणारा तू. दोघांनी मिळून गेलेलीला जपलं. हिशोब लावायचाच तर अर्धा अर्धा लावू. आणि त्या टाकीपाशी आता उभा राहू नकोस. तिथे कुणी नाही. इकडे ये, चार दिवस राहा, धाकटीचं डोकं खा, ती तुझी चेष्टा केल्याशिवाय राहायची नाही.

आतल्या खोलीत पाच-सहा जणांना एकदम बसवलंय. तोंडाला मुखवटा, त्यातून औषधाची वाफ. ती घेताना सगळ्यांनाच खोकला येतो, काळजी करू नका, असं नर्स सांगून गेली. दार लावलेलं आहे. दाराआडून सगळ्यांचे खोकले एकात एक मिसळून येताहेत, जाड, बारीक, कसलेकसले.

आत्ता एक निराळा आला. तीनदा खोल. मग थांबणं. मग तो छोटा 'हं'.

माझ्या शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "कोण हो एवढं खोकतंय?"

मी म्हटलं, "माझी धाकटी."

तुझी आई